बँडचे फोटो काढून पोट भरायचं असेल तर

पहिल्यांदा एका बँडचे फोटो काढले, त्या रात्री ४१२ फोटोंतून दाखवण्यासारखे तीन निघाले. दोनमध्ये गायकाचं अर्धं तोंड माइकमागे. तिसऱ्यात बँड नव्हताच, पुढच्या रांगेतल्या एका मुलीचे वर गेलेले हात होते. पुण्यातल्या एका कॅफेचं तळघर, छताला लाल एलईडीच्या दोन पट्ट्या आणि माझ्या हातात मावसभावाकडून मागून आणलेला कॅमेरा, त्याच्यासोबत येते ती १८-५५ची लेन्स. घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर सगळे चेहरे टोमॅटो सॉसमध्ये बुडवून काढल्यासारखे.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. फोटोग्राफीचा एकही कोर्स न करता आज घर यावर चालतं. निम्मं उत्पन्न बँड आणि महोत्सवांचं, उरलेलं नाटकं, नृत्याचे कार्यक्रम, कॉलेजं आणि कधीतरी कंपन्यांचे समारंभ. केवळ बँडांवर घर चालवणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेव्हा तो भ्रम सुरुवातीलाच सोडलेला बरा. हा लेख लिहायला बसले कारण दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, “ताई, कॅमेरा कुठला घेऊ?” माझा उलटा प्रश्न असतो: बँड कुठला घेतलास?

आधी बँड धरा

एक बँड निवडा. नावाजलेला नको. तुमच्याच वयाचा, तुमच्याच गावातला, ज्याला अजून धड पोस्टरही करता येत नाही असा. त्यांच्या जॅमरूमवर, म्हणजे सरावाच्या खोलीवर, जा. पहिल्या एक-दोन वेळा कॅमेरा घरी ठेवून जा, नुसतं कोपऱ्यात बसून ऐका. मग पुढचे दहा कार्यक्रम त्याच बँडचे काढा, जमलं तर त्याच जागी.

हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून बहुतेक जण करत नाहीत. ते मोठ्या महोत्सवाचं तिकीट काढून गर्दीतून हात वर करून फोटो काढतात आणि तोच पोर्टफोलिओ म्हणून लावतात. दहा वेळा तेच चौघं बघितले की एक गोष्ट घडते. ड्रमर कडव्याआधी खांदा उचलतो, बास गिटारवाला चूक झाली की हसतो, गायिका वरच्या सुराला डावा पाय मागे घेते, हे तुम्हाला पाठ होतं. तिथून फोटो दिसायच्या आधी कळायला लागतात. आणि दहाव्या वेळी तुम्ही त्यांच्या दृष्टीने ‘फोटोवाली’ राहत नाही, टेम्पोत तुमची जागा ठरलेली असते.

हेन्री डिल्ट्झचं उदाहरण मला यासाठी आवडतं. हा अमेरिकन मुळात वादक, बँजो वाजवणारा. १९६६मध्ये आपल्याच बँडसोबत दौऱ्यावर असताना त्याने एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि बरोबरच्यांचे फोटो काढायला लागला. तीन वर्षांनी तो वुडस्टॉक महोत्सवाचा अधिकृत फोटोग्राफर होता. शिकवायला कुणी नव्हतं, पण तो गाडीत बसलेला होता. बाहेरच्याला जे दार ठोठवावं लागतं, त्याच्या आतल्या बाजूला तो आधीच होता.

“आमच्या गावात बँडच नाहीत” ही सबब मी ऐकून घेत नाही. बँड म्हणजे गिटारच, असं कुणी सांगितलं? लग्नसराईत प्रत्येक तालुक्याच्या गावी ब्रास बँड असतो. गिरगाव-लालबागकडे बेंजो पार्टी आणि कच्छी बाजा आहे. गोव्यात फेस्ताला वाजणारे ब्रास बँड आहेत. पुण्यात तर गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव रोज संध्याकाळी चालतो. मी स्वतः दोन वर्षं पथकात ढोल वाजवला आणि तिसऱ्या वर्षी मनगट दुखावल्यावर कॅमेरा घेऊन समोर उभी राहिले. शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. प्रवेश फुकट, वादक तेच, रोज दीड-दोन तास, आणि साडेसहाला उजेड झपाट्याने जातो, त्यामुळे कॅमेऱ्याशी झगडणं आपोआप शिकता येतं. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला की टिपरू (ढोलाची काठी) हवेत गोठतं, १/६० वर त्याचा पंखा होतो, मधलं काय हवंय ते तुमचं तुम्ही ठरवा. पथकप्रमुखांना आधी विचारा: “दादा, ध्वजाच्या बाजूला उभी राहू का?” दोन रांगांच्या मध्ये मात्र घुसू नका. ढोल वळतो तेव्हा त्याला तुमची लेन्स दिसत नाही.

आता कॅमेरा

बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, खर्च कमी, लेन्सवर जास्त, हा क्रम. चार-पाच वर्षं जुनी, बदलत्या लेन्सची कुठलीही बॉडी घ्या आणि तिच्यावर ५० एमएम एफ/१.८ लावा. बहुतेक कंपन्यांची ही लेन्स त्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक असते. कारण साधं गणित आहे: एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. कॅमेऱ्यासोबतची लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ तिच्यापेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे तुम्हाला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १२८०० लावून दाणेदार चिखल मिळत होता, तिथे १२५०-१६०० मध्ये काम होतं. दीड लाखाची नवी बॉडी घेऊनही हा फरक भरून निघत नाही.

जुना माल घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पलीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, फुकट दिली तरी घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात, त्यातून कोकण, मुंबई, गोव्यात, बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला दोन महिन्यांत बुरशी धरू शकते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्यावर माझी पहिली चार वर्षं निघाली. सिलिकाचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करायचं, खिडकी उघडी ठेवून. आणि तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरायचा नाही.

२४-७० आणि ७०-२०० एमएमच्या झूम लेन्स, दोन्ही एफ/२.८, या पुढच्या पायऱ्या. त्या विकत घ्यायची घाई नको. पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि अनामत लागते. वर्षभरात एखादी लेन्स पंधरा वेळा भाड्याने आणली, तर ती विकत घ्यायची वेळ झाली असं समजा.

खरं तर यादीत पहिला नंबर कानात घालायच्या प्लगचा. आवाज ८५ डेसिबल असेल तर कान आठ तास सोसतात. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला ती उरते पंधरा मिनिटं. तुम्ही उभे असता स्पीकरच्या तोंडाशी. संगीतासाठीचे प्लग मिळतात, त्यांत गाणं ऐकू येतं, फक्त हळू येतं. मी हे तीन वर्षं उशिरा केलं आणि आता उजव्या कानात रात्री शिट्टी वाजते.

अंधारातली सेटिंग्ज

कॅमेरा मॅन्युअलवर. ऑटोवर ठेवला तर तो मागचा काळोख बघून घाबरतो, सगळं उजळ करायला जातो आणि गायकाचा चेहरा पांढरा फटक होतो. सुरुवात एफ/२, १/२५०, आयएसओ ३२०० इथून करा. गायक शांत उभा असेल तर १/१६० चालतं, उड्या मारणारा असेल तर १/५००. उजेडाचं मोजमाप फक्त चेहऱ्यावरचं करा, मागचा अंधार अंधारच राहू द्या. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, याबद्दल चर्चाच नको. रंगाचा तोल नंतर सुधारता येतो, जेपेगमध्ये तो हट्टाला पेटतो.

आता ते टोमॅटो सॉस. लाल एलईडीत सेन्सरचा लाल भागच तेवढा भरून वाहतो, हिरव्या-निळ्यात जवळपास काही नसतं. पडद्यावर फोटो ठीक वाटतो, पण गालाचे उंचवटे, नाकाची कड सगळं सपाट झालेलं असतं. उपाय असा: कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा आणि लाल डोंगर उजव्या भिंतीला टेकणार नाही इतपत फोटो काळोखा काढा, साधारण एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्या उजेडावर. नंतर तो कृष्णधवल करा. लोकांना ती तुमची शैली वाटते. माझ्या पहिल्या दोन वर्षांतले सगळे ‘भावपूर्ण’ कृष्णधवल फोटो म्हणजे लाल दिव्यांची झाकपाक आहे.

दुसरा सापळा पट्ट्यांचा. एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात मी आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावला आणि दोनशे फोटोंवर आडव्या काळ्या पट्ट्या आल्या, जणू कुणी पडदा लावलाय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण ओळीओळीने फोटो वाचणाऱ्या शटरला दिसतं. अशा ठिकाणी यांत्रिक शटर आणि १/१०० किंवा १/५० वेग. स्टेजवरच्या एलईडींची लुकलुक याहून वेगळ्या गतीची असू शकते, म्हणून साउंडचेकला दोन-तीन वेगांवर फोटो काढून मोठे करून बघणं एवढाच खात्रीचा मार्ग. याच कारणाने सवाई गंधर्वसारख्या बैठकीच्या कार्यक्रमात पंचाईत होते. आलाप चालू असताना शटरचा खटका चालत नाही आणि बिनआवाजाच्या शटरला पट्ट्या येऊ शकतात. तिथे तान येईपर्यंत किंवा टाळ्या पडेपर्यंत थांबायचं. सतीश पाकणीकरांनी काढलेली शास्त्रीय गायक-वादकांची प्रकाशचित्रं कधी सावकाश बघा, त्यांत हे थांबणं दिसतं.

फोकसबद्दल एकच सांगते. तो हवाच, पण त्यासाठी फोटो फेकू नका. सप्टेंबर १९७९मध्ये न्यू यॉर्कच्या पॅलेडियममध्ये ‘द क्लॅश’ या रॉक बँडचा बासवादक पॉल सिमोनन आपला बास स्टेजवर आपटत असताना पेनी स्मिथने फोटो काढला. ती मागे सरकत होती, फोटो हलला. आल्बमच्या कव्हरवर तो जावा हे तिला स्वतःला पटत नव्हतं. बँडने तोच घेतला, आणि रॉकच्या इतिहासातल्या सगळ्यात ओळखीच्या फोटोंत आज त्याची गणना होते.

सम

इथे जरा रेंगाळते, कारण सगळा धंदा इथे आहे.

गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. डोळ्याने बघून बोट दाबेपर्यंत पाव सेकंद जातो. म्हणजे ड्रमरची काठी झांजेवर पडताना बघून तुम्ही बटण दाबलंत, तर अर्धा ठोका निघून गेलेला असतो आणि फोटोत काठी परत वर आलेली असते. समेवर बोट दाबणाऱ्याला सम मिळत नाही. तिच्या किंचित आधी दाबावं लागतं, आणि त्यासाठी ती कुठे येणार हे माहीत असावं लागतं.

तबल्याची सवय असेल तर हे नवं नाही. बहुतेक बँड चार-चारच्या गटात वाजवतात, कडव्यातून मुखड्यात जाताना चार किंवा आठ गट पुरे होतात, ड्रमर शेवटच्या गटात जास्तीचे ठोके भरतो आणि पुढच्या ‘एक’ला मोठी झांज वाजते. तोच क्षण. त्या ‘एक’वर दिवेही उजळतात, कारण लाइटवालाही तेच मोजत असतो. घरी त्या बँडची गाणी लावा आणि कॅमेरा न घेता, मांडीवर बोटाने, ‘एक’च्या किंचित आधी दाबायचा सराव करा. रिक्षात, बसमध्ये कुठेही होतो. बाजूची माणसं बघतात, बघू द्या.

गायकांचं तंत्र वेगळं. माइक तोंडाला चिकटलेला असतो तोवर फोटो नाहीच. ओळीच्या शेवटी लांबलेला ‘आ’ येतो तेव्हा बरेच गायक आपोआप माइक दूर धरतात, कारण आवाज मोठा होतो. तो तुमचा. ज्या हातात माइक आहे त्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहा, नाहीतर चेहऱ्यावर कोपर येतो. प, ब, म आले की ओठ मिटतात, तिथे दाबून काही मिळत नाही. मराठी गाणं पाठ असण्याचा हा फायदा आहे, अक्षरं आधी कळतात.

गिटारवाल्याला त्याच्या गिटारच्या मानेच्या बाजूने बघा, मान फ्रेममध्ये तिरकी येते आणि दोन्ही हात दिसतात. ड्रमरसाठी साउंडचेकला त्याच्या झांजांमधली फट शोधा, जिच्यातून चेहरा दिसतो, आणि जमिनीवर तुमच्या उभं राहायच्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावा. रात्री गर्दीत ती जागा सापडत नाही. बासवाला बिचारा नेहमी अंधारात. पण गाण्याचं वळण आलं की तो आणि ड्रमर एकमेकांकडे बघतात, एखादाच सेकंद. बँडचे लोक पुढे स्वतःच्या घरात कुठला फोटो लावतात बघा, बहुतेक वेळा ती नजर असते. झेप घेणारा गिटारिस्ट जाहिरातीला जातो.

सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांच्या क्रमाची यादी, मॉनिटरजवळ (वादकांपुढच्या स्पीकरजवळ) जमिनीवर चिकटवलेली असते. साउंडचेकलाच तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. संथ गाणं कितवं, उड्या कुठे, हे कळलं की आपल्या जागा ठरवता येतात.

स्टेजच्या आजूबाजूला

मोठ्या कार्यक्रमांत फोटोग्राफरना पहिली तीन गाणी मिळतात, फ्लॅश बंद. तीन गाणी म्हणजे जेमतेम बारा मिनिटं. पहिल्यात गायक, दुसऱ्यात बाकीचे एकेक, तिसऱ्यात मागे सरकून अख्खं स्टेज, असा माझा साचा आहे. सोबतच्यांच्या लेन्ससमोर उभं राहायचं नाही, कॅमेरा डोक्यावर धरायचा नाही, आणि तिकीट काढून पुढे आलेल्या प्रेक्षकापुढे दोन मिनिटांहून जास्त थांबायचं नाही.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर घड्याळ आधी बघा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं तेवढीच. त्यामुळे मुख्य बँड साडेआठ-पावणेनऊला चढतो आणि १०च्या ठोक्याला आवाज कापला जातो. शेवटचं गाणं अर्धवट राहण्याची शक्यता असतेच, ‘शेवटच्या गाण्याला गर्दीसकट फोटो काढू’ असा बेत असेल तर तो शेवटून दुसऱ्याला उरकून घ्या. दुसरी बाजू अशी की साउंडचेक दुपारी चार-पाचला होतो, हिवाळ्यात तेव्हा तिरपं सोनेरी ऊन असतं आणि वादक मोकळे असतात. बँडचे पोस्टरसाठीचे फोटो मी तेव्हाच काढते.

लाइटवाल्याशी ओळख करून घ्या. ही या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची सूचना. चहाचा कप घेऊन कन्सोलजवळ जायचं आणि विचारायचं, “दादा, तिसऱ्या गाण्याच्या मुखड्याला समोरून थोडा पांढरा द्याल का?” दहातले आठ जण देतात. त्यांच्या कामाचे फोटोही कुणी काढत नाही, निघताना कन्सोलवर वाकलेला त्यांचा एक फोटो काढून पाठवा. पुढच्या वेळी न मागता पांढरा येतो.

मुलींसाठी दोन ओळी. परतीचा प्रवास ठरल्याशिवाय काम घेऊ नका आणि रात्रीच्या कॅबचे पैसे दरातच धरा, वेगळे मागायला संकोच वाटतो आणि मग राहून जातं. पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या फोटोग्राफरच्या जागेत, कुणी धक्के देत असेल तर तिथल्या बाउन्सरला लगेच सांगा. आपण पाहुणे नाही, कामावर आहोत.

त्याच रात्री

घरी पोचल्यावर आंघोळीआधी कार्ड कॉपी करायचं, दोन ठिकाणी. कार्ड पुढच्या कामापर्यंत पुसायचं नाही. मग पाच फोटो निवडून रात्रीच बँडला पाठवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बँड ते टाकतो, लोक तेव्हा बघतात, आठवड्याने आलेल्या अप्रतिम फोटोला कुणी विचारत नाही. उरलेले दोन दिवसांत, ३० ते ४०, त्याहून जास्त नाहीत. आठशेतून चाळीस काढताना जीव तुटतो, पण तीनशे फोटो पाठवणारा माणूस निवडायचं काम बँडवर ढकलत असतो, आणि बँड नेमका वाईट फोटो निवडतो.

फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे, उत्तम आहे, फक्त पहिले पंधरा दिवस डोकं फिरवतं. फोटोच्या मधोमध आपलं नाव छापू नका. नाव फाइलच्या माहितीत आणि मजकुरात असू द्या.

पैसे

पहिले दहा कार्यक्रम फुकट, तेही आपण होऊन, शिकण्यासाठी. त्यानंतर माझा नियम असा: तिकीट विकलं जात असेल आणि साउंडवाल्याला पैसे मिळत असतील, तर फोटोवालीलाही मिळाले पाहिजेत. जॅमरूममधला सराव, मित्रांचा पहिला प्रयोग, तो वेगळा.

दर ठरवताना लोक शेजाऱ्याचा दर बघतात. आधी आपला खर्च बघा. समजा कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून १,६०,००० रुपये आणि त्या चार वर्षं चालणार. म्हणजे वर्षाला ४०,०००. भाडं, प्रवास, कार्डं, हार्ड डिस्क, दुरुस्ती मिळून आणखी ३०,०००. वर्षात पैशांचे ५० कार्यक्रम मिळाले तर प्रत्येकाला १,४०० रुपये नुसता खर्च. कार्यक्रमाला पाच तास, संस्कारणाला (एडिटिंगला) चार. १,५०० रुपये घेतलेत तर नऊ तासांची मजुरी झाली १०० रुपये. हे कागदावर लिहून बघितलं त्या दिवशी मी दर दुप्पट केला. दोन गिऱ्हाइकं गेली, राहिली ती अजून आहेत.

आता कायदा, कारण इथे बहुतेकांची समजूत नेमकी उलटी असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाते. म्हणजे फुकट काढलेले फोटो तुमचे, आणि पैसे घेऊन काढलेले, लेखी काही नसेल तर, त्यांचे. म्हणून लेखी हवं. हक्क दिलेत आणि मुदत लिहिली नाहीत तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाहीत तर भारतापुरता. आणि आपलं नाव लावून घेण्याचा हक्क कलम ५७ खाली, मालकी दुसऱ्याकडे गेली तरी, तुमच्याकडे राहतो.

वकिलाकडे जायची गरज नाही. मी काम घेताना मेल करते आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय बॅग भरत नाही. मजकूर असा: “अमुक तारखेचा कार्यक्रम, ४० संस्कारित फोटो, ४८ तासांत. कॉपीराइट माझ्याकडे. बँडला स्वतःचं सोशल मीडिया, पोस्टर आणि बातम्यांसाठी वापराची परवानगी, फोटोसोबत माझं नाव. प्रायोजकाच्या जाहिरातीसाठी किंवा वस्तूंवर छापण्यासाठी वेगळा दर. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली फोटो मिळाल्यापासून १५ दिवसांत.” शेवटून दुसरं वाक्य मी अनुभवाने घातलं. एका आयोजकाने माझा फोटो शीतपेयाच्या बाटलीशेजारी होर्डिंगवर लावला, मला तो रिक्षातून जाताना दिसला. लेखी काही नव्हतं. फोन केला तर उत्तर आलं, “तुम्हाला तर प्रसिद्धीच मिळाली ना ताई.”

उद्यम नोंदणी करून ठेवा, ऑनलाइन होते, फी नाही. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याखाली नोंदणी असलेल्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कशीही ठरवली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावे लागतात. बिलावर उद्यम क्रमांक छापला की कंपन्यांचे अकाउंटवाले जरा लवकर फोन उचलतात, हा माझा अनुभव. टीडीएस कापला गेला तर रडू नका, पॅन बरोबर दिलाय ना बघा आणि रिटर्न भरा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांना जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

वीस फोटो आणि एक फोल्डर

महोत्सवाला किंवा मासिकाला दाखवायला वीस फोटो पुरतात. त्यांत एकाच बँडचे सहा असू द्या, जॅमरूमपासून ग्रीनरूमपर्यंत. निवडणाऱ्यापुढे झेप घेणाऱ्या गिटारिस्टांचे शंभर फोटो आलेले असतात. ग्रीनरूममध्ये इस्त्री करणारा ड्रमर त्याने बघितलेला नसतो. महोत्सवांच्या फोटो टीमला कार्यक्रमाच्या तीन-चार महिने आधी लिहा, आठवडाभर आधी लिहून काही होत नाही.

आणि फोल्डरला पहिल्या दिवसापासून एकच पद्धतीने नाव द्या: वर्ष, महिना, दिवस, बँड, जागा. मी ज्या पहिल्या बँडच्या मागे फिरले तो सहा वर्षांपूर्वी फुटला. गायिका परदेशी, बासवाला बँकेत. गेल्या दिवाळीत ड्रमरचा रात्री साडेअकराला फोन आला, “अगं, वडलांनी मला वाजवताना एकदाच बघितलं होतं, त्या दिवशीचा काही आहे का तुझ्याकडे?” त्याला तारीख आठवत नव्हती, जागा आठवत होती. दोन मिनिटांत फोल्डर सापडलं. तेव्हा मी नाकारलेला, हललेला एक फोटो होता: पुढे झांज, आणि मागे, शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून उभे असलेले काका.